उपासमार की विषप्रयोग?

विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून गेले की एक प्रयोग हमखास दिसतो. दोन बशा, दोन्हींत टिपकागद आणि ज्वारीचे दाणे. एकीत साधे पाणी, दुसरीत गाजरगवताची पाने भिजवून काढलेला अर्क. पाण्यातले दाणे तरारून उगवतात. अर्कातल्यांची मुळे खुरटतात, काही दाणे रुजतच नाहीत. 'तण पिकावर विषप्रयोग करते', असे मुले छातीठोकपणे सांगतात. हा वाद फार जुना आहे आणि एवढ्या सहजासहजी तो मिटलेला नाही.

जिनिव्हाचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑगुस्तीन द कांदोल यांनी १८३२ साली लिहिले, की ओटच्या शेतात थिसल हे काटेरी तण माजले तर ओटला अपाय होतो आणि त्याचे कारण मुळांतून स्रवणारी द्रव्ये असावीत. पण १८४० नंतर लीबिग यांचा खनिज पोषणाचा सिद्धांत गाजू लागला. तण पाणी, प्रकाश आणि क्षार पळवते, मग विष कशाला मानायचे? द कांदोल यांची कल्पना मागे पडली. खरी अडचण अशी, की शेतात उपासमार आणि विषबाधा एकाच जागी, एकाच वेळी घडत असतील, तर त्या वेगळ्या करायच्या कशा?

याला सुंदर उत्तर शोधले इंग्लंडमधील वोबर्न येथील फळबागेत स्पेन्सर पिकरिंग यांनी. गवताखाली सफरचंदाची झाडे खुरटतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी तळाला भोके असलेल्या उथळ ट्रेमध्ये गवत व इतर रोपे वाढवली आणि ते ट्रे दुसऱ्या झाडांच्या कुंड्यांवर ठेवले. दोन्हींची मुळे एकमेकांना भिडणे शक्यच नव्हते. वरच्या ट्रेमधून झिरपलेले पाणी तेवढे खाली जाई. तरीही खालची झाडे खुरटली. हे निष्कर्ष १९१७ साली प्रसिद्ध झाले. साधनसामग्री म्हणाल तर आपल्या शाळेतही जमेल इतकी!

या विषयाला 'अ‍ॅलिलोपॅथी' हे नाव मिळाले १९३७ साली, व्हिएन्नाच्या हान्स मोलिश यांच्याकडून. (जगदीशचंद्र बोस यांच्या कलकत्त्यातील संस्थेतही त्यांनी काही काळ काम केले होते.) त्यांचे स्वतःचे प्रयोग मात्र तणांवर नव्हे, तर मुख्यतः सफरचंदांतून निघणाऱ्या इथिलीन वायूवर होते.

पुढे कॅलिफोर्नियात एक चपराक बसली. तेथे साल्व्हिया या सुगंधी झुडपांभोवती मीटर-दोन मीटर जमीन उघडी दिसते. झुडपांतून निघणारी कापरासारखी बाष्पे गवताची रोपे मारतात, असे सी. एच. मुलर व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये प्रयोगशाळेतील पुराव्यानिशी मांडले. १९७० मध्ये बार्थोलोम्यू यांनी त्या उघड्या पट्ट्यांत जाळीचे पिंजरे लावले. उंदीर-ससे आत शिरेनासे झाले आणि गवत उगवले! बाष्पे खोटी नव्हती, पण मोठा वाटा झुडपांच्या आडोशाने चरणाऱ्या प्राण्यांचा होता.

आता गाजरगवत. भारतात याची नोंद १९५६ साली पुण्याहून झाली. त्यात पार्थेनिन आणि कॅफेइक, फेरुलिक यांसारखी फिनॉलिक आम्ले असतात व ती अंकुरण रोखतात, याबद्दल शंका नाही. परंतु पार्थेनिनचे मातीत विघटन होते. टिपकागदावर ते होत नाही. शिवाय दाट अर्कात कुठलेही विद्राव्य पदार्थ असले तरी परासरणामुळे बियांना पाणी शोषणे अवघड जाते.

म्हणून मी मुलांना आणखी दोन बशा मांडायला सांगतो: एकीत तेवढ्याच वजनाच्या मेथीच्या पानांचा अर्क, दुसरीत सौम्य साखरपाणी. शिवाय शेतातल्या मातीने भरलेल्या चार कुंड्या, दोन अर्काच्या व दोन साध्या पाण्याच्या. आठव्या दिवशी मुळांची लांबी मोजायची. गाजरगवत मात्र हातमोजे घालूनच उपटावे; त्वचेला त्याची वावडी येते.