खानदेशांतील ‘मरी’ : एका शब्दाचा विचार

खानदेशांतील जुन्या पत्रांत ‘मरी’ हा शब्द आढळला कीं त्याचा अर्थ ‘प्लेग’ असा लावण्याकडे आपली सहज प्रवृत्ति होते. 1896 नंतरच्या प्लेगाची आठवण घराघरांतून सांगितली जात आल्यामुळें हें स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळें हा रोग या प्रांतांत प्रथम केव्हां शिरला, या प्रश्नाचें उत्तर मात्र बिघडतें. म्हणून कागदांचे संग्राहक व संपादक यांच्यापुढें या एका शब्दाचा विचार मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

‘मरी’ हें एका रोगाचें नांव नव्हे. ज्या सांथीनें माणसें एकाएकीं व पुष्कळ मरतात, ती पटकीची असो कीं गांठीच्या तापाची असो, तिला आपले लोक मरीच म्हणत आणि मरीआईस नैवेद्य दाखवीत. पटकीसच मोडशी असेंहि म्हणत. गोमंतकांत गार्सिया द ऑर्ता यानें 1563 च्या आपल्या ग्रंथांत त्या रोगाचें वर्णन केलें आहे. आणि हाच मराठी शब्द फिरंग्यांच्या तोंडीं फिरतां फिरतां फ्रेंचांकडे ‘कुत्र्याचें मरण’ अशा अर्थाचा होऊन बसला! नांवावरून रोग ठरविणारांनीं एवढें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

फारसी लेखक या बाबतींत अधिक सावध दिसतात. खाफीखान ‘ताऊन’ व ‘वबा’ असे दोन शब्द योजतो; पैकीं ताऊन म्हणजे गांठीचा रोग, व वबा म्हणजे सामान्यतः कोणतीहि सांथ. औरंगजेबाच्या राज्यारोहणाच्या 27 व्या वर्षीं, म्हणजे 1683-84 च्या सुमारास, ही पीडा सुरू होऊन सात-आठ वर्षें टिकली, व ती दक्षिणेंत सुरत-अहमदाबादेपर्यंत पसरली होती, असें तो सांगतो. 1688 च्या अखेरीस विजापुरास बादशहाची छावणी असतां तींत औरंगाबादी महल ही बेगम मरण पावली, व फिरोजजंगाचे डोळे गेले. बगलेंत, कानामागें व जांघेंत गांठी, आणि डोळ्यांस लाली, हीं खाफीखानानें दिलेलीं लक्षणें वाचल्यावर रोगाविषयीं संशय उरत नाहीं. त्याच्याहि पूर्वीं, 1618-19 च्या आग्र्याच्या सांथीसंबंधानें जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत झिंगत बाहेर आलेल्या उंदराची व त्यास तोंड लावून आजारी पडलेल्या मांजराची हकीकत नमूद केली आहे.

सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा मोठा व्यापारी रस्ता नंदुरबारवरून तापीच्या खोऱ्यांतून जाई. तेव्हां 1684 नंतरच्या सांथींत खानदेशहि सांपडला असावा, असें अनुमान कोणीहि करील, व आम्हांसहि तें संभवनीय वाटतें. परंतु अनुमान म्हणजे साधन नव्हे. याच्या उलट 1818 मधील ‘मरी’विषयीं मुळींच घोटाळा नको. 1817 सालीं बंगाल्यांत उसळलेली पटकी दुसऱ्या वर्षीं दक्षिणेंत व मुंबईंत पोंचली, आणि त्याच वर्षीं खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेला. राज्य बदललें व मरी आली, हीं दोन वाक्यें त्या काळच्या पत्रांत शेजारीं आलीं तर तेथें पटकीच समजावी.

सप्टेंबर 1896 मध्यें मुंबईस मांडवी भागांत डॉक्टर अकासिओ व्हिएगास यांनीं प्लेग ओळखला. धान्याच्या वखारींचा तो भाग. पुढील चार-पांच महिन्यांत शहरांतील सुमारें निम्मे लोक बाहेर पडले, आणि चाळीसगांव, पाचोरें, जळगांव, भुसावळ हीं स्टेशनें तर मुंबईहून निघालेल्या लोहमार्गावरच होतीं. रोगाचा जंतु यर्सिन यानें 1894 मध्येंच हाँगकाँगास शोधिला होता. पण तो उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसास होतो, हें सिमाँ यानें 1898 सालीं कराचींत दाखविलें. म्हणजे माणसें अडवून भागण्यासारखें नव्हतें. धान्याच्या पोत्यांतून पिसवाहि येत होत्या. पहूर हें गांव या मोठ्या लोहमार्गापासून दूर, वाघूर नदीच्या कांठीं, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पाचोरें-जामनेर ही लहान गाडी तेथून पुढें पुष्कळ वर्षांनीं धांवूं लागली. पहुरापलीकडे फर्दापुरास 1948 पर्यंत निजामचा अंमल होता. अशा नाक्याच्या गांवांतील दुकानदारांच्या वह्या व कुळकर्ण्यांचे कागद या दृष्टीनें तपासण्यासारखे आहेत. कारण गाडीनें आलेला माल तेथवर बैलगाडींतूनच जाई.

रोग ओळखण्यास शब्दापेक्षां तिथि अधिक उपयोगी पडते. कडक व कोरड्या उन्हाळ्यांत पिसू तगत नाहीं. म्हणून आपल्याकडे प्लेग हिंवाळ्यांत चढे आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हानें उतरे. पटकीचा जोर बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या आरंभीं, विशेषतः यात्रांच्या दिवसांत. पत्रांत गांठ किंवा पडलेले उंदीर यांचा उल्लेख असून महिना पौष-माघाचा असेल, तर प्लेग म्हणावयास हरकत नाहीं. ओकारी व ढाळ हींच मुख्य लक्षणें असतील तर महिना कोणताहि असो, तो बहुधा प्लेग नव्हे.

आणखी एक गोष्ट. प्लेगांत गांव सोडून लोक शेतांत व माळावर झोपड्या बांधून राहत. घरें बंद पडत, कोठें कोठें सरकारी माणसांकडून सामानहि जाळलें जाई. या वर्षांच्या दप्तरांत दोन-तीन महिन्यांचा खंड पडला तर तो वाळवीचाच असतो असें नाहीं. जळगांवच्या बहिणाबाई चौधरी यांचा मुलगा ओंकार यास प्लेगामुळें कायमचें अपंगत्व आलें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. अशा कौटुंबिक हकीकती दप्तरांतील खंडाशीं ताडून पाहिल्यास पुष्कळ उलगडा होईल. कागद प्रसिद्ध करतांना मूळचा ‘मरी’ हाच शब्द कायम ठेवावा, त्याबरोबरची तिथि व लक्षणें गाळूं नयेत, व खंड पडला असल्यास तो कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, हें अवश्य नोंदावें, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.