तंतूची साक्ष

एका कारखान्यात छपराची लोखंडी कैची खाली झुकू लागली. कामगारांनी लेखी तक्रार केली. उत्तर आले, "उन्हाने लोखंड वाढतेच!" पावसाळ्यात ती कैची कोसळली आणि आमच्या एका सोबत्याचा पाय गेला. ते ऊन होते की भार, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनातून गेला नाही. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले; तेथेच याचे उत्तर सापडले.

१८४२ साली जिनीव्हाच्या कोलाडनने पाण्याच्या वळत्या धारेतून प्रकाश नेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १९५४ साली हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठविल्याचे जाहीर केले. १९७८ साली कॅनडात केनेथ हिल व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, प्रखर प्रकाशाने तंतूच्या गाभ्यात कायमच्या खुणा उमटतात. समान अंतरावरील या खुणा एकाच रंगाचा प्रकाश परत फिरवितात. तंतू ताणला की अंतर वाढते, परतणारा रंग बदलतो, आणि त्यावरून ताण मोजता येतो. १९९३ साली कॅल्गरी येथील एका पुलात असे तंतू बसविण्यात आले.

परंतु काच ठिसूळ. फार ताण तिला सोसत नाही. १९९९ साली सिडनीच्या संशोधकांनी अशाच खुणा प्लॅस्टिकच्या तंतूत उमटविल्या. हा तंतू ॲक्रिलिकचा. शेकडा पाच ताणला तरी तो सहसा तुटत नाही. त्याचे दोषही आहेत : तो ओल शोषतो आणि सुमारे ८० अंशांपलीकडे त्याचा भरवसा नाही.

आता उन्हाची गोष्ट. उष्णतेनेही रंग बदलतो. मग ताण ओळखावा कसा? ताणाने दोन्ही तंतूंचा रंग तांबड्याकडे सरकतो. उष्णतेने काचेचा तांबड्याकडे, तर प्लॅस्टिकचा सहसा निळ्याकडे! म्हणून दोन्ही शेजारी बसविले, तर ऊन किती आणि भार किती, याचा हिशेब वेगळा मांडता येतो. "उन्हाने झाले" ही सबब तेथे टिकत नाही.

तथापि साक्षीदार मिळाला म्हणजे न्याय मिळाला, असे नव्हे. आमच्या सोबत्यांचे डोळेही साक्षीदारच होते. तंतूचे आकडे साहेबांच्या कपाटात न राहता खात्याच्या दारावर लागले पाहिजेत, आणि ते वाचून काम थांबविण्याचा हक्क छपराखालच्या माणसाला असला पाहिजे. तो हक्क कोणताही तंतू मिळवून देणार नाही. तो आपणच मिळवायचा आहे.