बुंध्याला लागून

आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी एक रेन ट्री आहे. "आहे" असं अजून म्हणता येतंय, कारण तोडायची परवानगी यायची बाकी आहे. लांबून बघाल तर एकदम ठणठणीत, हिरवागार. पण जमिनीपासून दहा-बारा फुटांवर बुंध्यात एक ढोली आहे. मागच्या महिन्यात छाटणीवाले दादा वर चढले, कोयत्याच्या मुठीने चार ठिकाणी ठोकलं, मग ढोलीत एक काठी घातली. काठी दोन फूट सरळ आत गेली.

"आतून गेलंय साहेब," ते वरूनच म्हणाले.

आता गंमत (म्हणजे गंमत कसली...) अशी की जिथे ती ढोली आहे तिथे बारा वर्षांपूर्वी एक मांडीएवढी जाड फांदी होती. ती पार्किंगवर येत होती. मी तेव्हा नुकताच कमिटीवर गेलो होतो. नवा फ्लॅट, नवा उत्साह. रीतसर परवानगी काढली, माणूस बोलावला. त्याने वर चढून बुंध्यापासून जरा सोडून करवत लावली, तर मी खालून ओरडलो, "खुंट नको ठेवू, बुंध्याला लागून साफ काप!" त्याने विचारलं, "अगदी लागून?" मी म्हटलं, "अगदी लागून." त्याने खांदे उडवले आणि कापलं. वर आम्ही डांबरी काळा रंग फासला. काम इतकं गुळगुळीत झालं की मी फोटोसुद्धा काढला होता.

तर मंडळी, चूक माझी होती का हे शोधायला बसलो आणि दोन शनिवार-रविवार खर्ची पडले. उत्तर "हो" असं आहे. पण ही चूक करणारा मी पहिला नव्हे. माझ्याआधी राजाचे माळी, फ्रेंच सरदार आणि अमेरिकेतले भलेभले "वृक्षवैद्य" तीच करून बसले होते. थोडक्यात काय, मी एकटा मूर्ख नाही एवढाच दिलासा :)

सुरुवात करू शेणापासून. विल्यम फोर्सिथ हा इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा माळी. केन्सिंग्टनच्या बागा त्याच्याकडे होत्या. (फोर्सिथिया हे पिवळ्या फुलांचं झुडूप त्याच्याच नावाचं.) त्याने झाडांच्या जखमांवर एक लेप शोधून काढला: गाईचं शेण, जुन्या इमारतींचा चुना, लाकडाची राख आणि थोडी वाळू. लावताना पातळ करायला मूत्र आणि साबणाचं पाणी. त्याचा दावा असा की या लेपाने पोकळ, सडलेली झाडं पुन्हा धडधाकट होतात. ब्रिटिश आरमाराची जहाजं तेव्हा ओकच्या लाकडाची आणि ओकची तर टंचाई, त्यामुळे थेट पार्लमेंटने यात लक्ष घातलं आणि फोर्सिथला १५०० पौंड मिळाले. १७९१ मध्ये त्याने कृती छापून जाहीर केली. टॉमस अँड्र्यू नाइट नावाच्या बागायतदार-संशोधकाने १८०२ मध्ये जाहीर शंका घेतली की बाबा रे, सडलेलं लाकूड लेपाने परत लाकूड कसं होईल? पण लेप ही कल्पना काही मेली नाही. शेण गेलं, डांबर आलं.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये काउंट दे कार यांनी छाटणीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. चार्ल्स सार्जंट यांच्यामुळे १८८१ मध्ये ते अमेरिकेत इंग्रजीत आलं. शिकवण साधी: फांदी बुंध्याला अगदी लागून कापा आणि वर डांबर लावा. वाचताना मला आरशात बघितल्यासारखं झालं. माझं बारा वर्षांपूर्वीचं फर्मान शब्दशः तिथे होतं!

मग आले जॉन डेव्ही. हा माणूस मला फार आवडला. १८४६ मध्ये इंग्लंडमधल्या सॉमरसेटमध्ये जन्म. वयाची विशी गाठेपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. १८७३ मध्ये अमेरिका गाठली, ओहायोत स्थायिक झाले आणि १९०१ मध्ये 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक छापलं. झाडांची निगा हा शिकून करायचा पेशा आहे, त्याला शाळा हवी, ही त्यांची धारणा. १९०९ मध्ये तशी शाळाही निघाली आणि कंपनीही. डेव्ही ट्री ही कंपनी आजही आहे आणि १९७९ पासून तिचे मालक तिचे कर्मचारीच आहेत. दोर बांधून झाडावर चढणारा, पगारी, प्रशिक्षित माणूस ही कल्पना रूढ करण्यात डेव्हींचा मोठा हात.

पण उपचार? ढोली खरवडून साफ करायची, अगदी चांगलं लाकूड लागेपर्यंत, आणि मग दाढ भरतात तसं त्यात सिमेंट काँक्रीट भरायचं! अमेरिकेतल्या कित्येक जुन्या झाडांच्या पोटात तसं काँक्रीट सापडतं, आणि झाड तोडताना करवतीचे दात मोडतात.

या सगळ्यांचा हेतू चांगला होता हे लक्षात घ्या. फसवणूक नव्हती. गोची एकाच ठिकाणी होती. सगळे जण झाडाकडे माणसाचं शरीर म्हणून बघत होते. जखम, मलम, पट्टी, शस्त्रक्रिया, दाढ. आणि जखम भरते आहे की नाही हे कशावरून ठरवायचं? तर कापाच्या कडेने जी नव्या सालीची गुबगुबीत वळी येते त्यावरून. बुंध्याला लागून कापलं की ही वळी खरोखरच जोमाने येते, कारण काप मोठा असतो आणि बुंध्याच्याच जिवंत भागात गेलेला असतो. म्हणजे माप सोपं होतं, बाहेरून दिसत होतं आणि आकडेही छान येत होते. फक्त माप चुकीचं होतं. (आमच्या ऑफिसातले डॅशबोर्ड आठवले. असो.)

झाडाच्या आत काय चाललंय हे बघायला झाड उघडावं लागतं. १८७० च्या दशकात जर्मनीत रोबेर्ट हार्टिग यांनी अर्धं कोडं सोडवलं होतं: लाकूड कुजतं म्हणून बुरशी येत नाही, बुरशी येते म्हणून लाकूड कुजतं. उरलेलं अर्धं सोडवायला आणखी शंभर वर्षं गेली.

ते सोडवणारे ॲलेक्स शायगो. जन्म १९३०, पेनसिल्व्हानिया. कोरियन युद्धाच्या काळात हवाई दलाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. १९५९ मध्ये डॉक्टरेट घेऊन अमेरिकेच्या वन खात्यात संशोधक म्हणून लागले. तोवर एकट्या माणसाला पेलवेल अशी चेनसॉ बाजारात आली होती. त्याआधी अभ्यासक खोडाच्या आडव्या चकत्या बघत, काकडीच्या करतात तशा. शायगोंनी चेनसॉ घेतली आणि झाडं उभी चिरली. एक-दोन नव्हे, पंधरा हजारांहून जास्त!

उभ्या कापात त्यांना जे दिसलं ते असं. झाड जखम भरून काढत नाही. आपल्या कातडीखाली जुन्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडात तसं होत नाही, एकदा बनलेलं लाकूड कायमचं तसंच राहतं. झाड काय करतं, तर जखमेभोवती भिंती घालतं. वर-खाली पसरू नये म्हणून एक (ही सगळ्यात कच्ची), आतल्या वलयांच्या दिशेने दुसरी, बाजूंना पसरू नये म्हणून तिसरी. आणि सालीखालचा कँबियमचा थर जखमेनंतर जे नवं लाकूड तयार करतो त्याच्या तोंडाशी चौथी, सगळ्यात भक्कम. कूज आत कोंडून ठेवायची आणि आपण बाहेरच्या बाजूने वाढत राहायचं. या मांडणीला त्यांनी 'कोडिट' असं नाव दिलं, साल १९७७. आपल्या भाषेत सांगायचं तर झाड म्हणजे फक्त पुढे लिहिता येणारी लॉग फाइल. जुनी ओळ खोडता येत नाही, फार तर त्या भागाला कुलूप लावून पुढे लिहीत राहायचं.

आता डेव्हींचं काँक्रीट बघा. "चांगलं लाकूड लागेपर्यंत" खरवडायचं, म्हणजे झाडाने मेहनतीने घातलेली भिंत आपण स्वतःच पाडायची. आणि तो काळा रंग? शायगो आणि त्यांचे सहकारी शॉर्टल यांनी तेरा वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष १९८३ मध्ये छापले: जखमेवरच्या लेपांनी कूज थांबत नाही.

आणि माझा गुळगुळीत काप? फांदी बुंध्याला जिथे मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, शर्टाच्या कॉलरसारखं. इंग्रजीत त्याला कॉलरच म्हणतात. हे कडं बुंध्याचा भाग असतं, फांदीचा नव्हे, आणि फांदी गेली तर कूज बुंध्यात शिरू नये याची तयारी झाडाने तिथेच करून ठेवलेली असते. कड्याच्या जरा बाहेर कापलं तर फांदीची जखम फांदीपुरती राहते. लागून कापलं तर कडं जातं आणि दार थेट बुंध्यात उघडतं. हातभर खुंट ठेवणंही चूकच बरं का. तो मरतो, बुरशीला खायला मिळतं आणि नव्या सालीला ती जागा झाकता येत नाही. योग्य जागा या दोन चुकांच्या मधली, एखाद्या इंचाची.

आणि हा इंच जमिनीवरून दिसत नाही. दर फांदीचं कडं वेगळं, तिरकेपणा वेगळा. तो फांदीशी तोंड नेलेल्या माणसालाच दिसतो. सरकारी नोकरीतून १९८५ मध्ये निवृत्त झाल्यावर शायगो २००६ मध्ये जाईपर्यंत झाडावर चढणाऱ्या लोकांना शिकवत हिंडले, याचं कारण माझ्या मते हेच. दोनशे वर्षं उपदेश खालून वर जात होता. शायगोंना ठाऊक होतं की निर्णय वर होतो.

चढण्याचीही तीच कथा. पूर्वी बुटाला लोखंडी अणकुची बांधून झाडावर चढत. आता शिकलेले छाटणीवाले जिवंत झाडाची छाटणी करताना अणकुच्या वापरत नाहीत, कारण प्रत्येक पावलागणिक एक जखम. ते दोरावर चढतात. दोराला घट्ट बसणारी पण भार काढला की सरकणारी गाठ मारायची. या जातीची सगळ्यात प्रसिद्ध गाठ कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये जगापुढे आणली. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना 'प्रुसिक' हा शब्द नवा नाही.

इथे कोकण-गोव्यातल्या वाचकांचा हात वर झालेला मला दिसतोय. "आमचे पाडेली माडाला खाचा पाडूनच चढतात, त्याचं काय?" बरोबर. पण माड हा मुळात या अर्थाने झाडच नाही. त्याला वलयं नसतात, फांद्या नसतात आणि कँबियमही नसतं. म्हणजे चौथी भिंत नाही, खाच झाकणारी सालीची वळीही नाही. आजोबांनी पाडलेली खाच नातू चढतो तेव्हाही त्याच उंचीवर, तेवढीच उघडी असते. तरी माड उभा राहतो, कारण त्याच्या नळ्या सगळ्या खोडभर विखुरलेल्या असतात, थोड्या तुटल्या तरी बाकीच्या चालतात. त्याचा जीव मात्र शेंड्यातल्या एकाच कोंबात. तो गेला की माड गेला. पाडेल्याला हे कोणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. खाच किती खोल घ्यायची आणि शेंड्यात कोयता कुठे लावायचा नाही, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं.

मला राहून राहून तो बारा वर्षांपूर्वीचा माणूस आठवतो. त्याने करवत आधी जिथे लावली होती ती जागा बहुधा बरोबर होती. त्याला कोडिट माहीत असणं शक्य नाही, पण त्याने विचारलं होतं, "अगदी लागून?" हा प्रश्न मी तेव्हा ऐकलाच नाही. पैसे मी देत होतो, आणि खालून मला गुळगुळीत काप हवा होता. तो वर अनवाणी, कमरेला साधा दोर, हेल्मेट नाही. त्याबद्दलही मी एक शब्द विचारला नव्हता.

रेन ट्री जाणार. त्याचं काही करता येत नाही, शाळेच्या बस तिथेच थांबतात. पण कुंपणाला एक तरुण पेल्टोफोरम आहे, त्याची एक फांदी विजेच्या तारांकडे झुकली आहे. आपल्याकडे १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्यानुसार अर्ज टाकलाय. कमिटीकडून या वेळी पट्टा, दोन चांगले दोर आणि हेल्मेटचे पैसे मंजूर करून घेतले (तासभर वाद झाला, पण झाले). आणि दादांना मी शायगोंच्या पद्धतीचे तीन काप कागदावर काढून दाखवले. आधी बुंध्यापासून फूटभर दूर, खालून अर्धवट, म्हणजे फांदी पडताना साल ओरबाडत खाली येणार नाही. मग त्याच्या जरा पुढे वरून, फांदी खाली. शेवटी उरलेला खुंट कड्याच्या बाहेरून.

त्यांनी चित्र बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, "पहिले दोन आम्ही असेच करतो साहेब. तिसऱ्यालाच तुम्ही लोक खालून ओरडता."

येत्या रविवारी छाटणी आहे. मी खाली उभा असेन, तोंड बंद ठेवून.