वायफायची किल्ली कोणाच्या खिशात?

माळ्यावर एखादा जुना लॅपटॉप पडलाय का? चालू होतो, स्क्रीन ठीक, कीबोर्ड ठीक. पण नवी सिस्टीम टाकली की वायफाय गायब. आपण म्हणतो, मशीन गेलं. अहो, मशीन गेलेलं नसतं, ड्रायव्हर नसतो.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. वायफायच्या चिपची भाषा वेगळी, ऑपरेटिंग सिस्टीमची वेगळी. आणि चिपची भाषा बहुतेकदा फक्त कंपनीलाच ठाऊक.

१९९९ मध्ये ८०२.११बी हे मानक आलं, तेव्हा विंडोज ९८ मध्ये वायफाय सांभाळायची सोयच नव्हती. सगळी भिस्त कार्डासोबतच्या सीडीवर. २००१ च्या एक्सपीत सोय आली, पण ड्रायव्हर कंपनीचाच.

आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातली कमी ताकदीची वायरलेस उपकरणं परवान्यातून मुक्त केली. म्हणजे लहरी मोकळ्या झाल्या, चिप मात्र कुलपातच राहिली.

सगळ्यात जास्त हाल लिनक्सवाल्यांचे. कितीतरी लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप, आणि कंपनी माहिती देईना. मग एनडिसरॅपर नावाचा जुगाड निघाला: विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवायचा. पुढे स्वयंसेवकांनी चिकाटीचं काम केलं. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर तपासून टिपणं काढली, दुसऱ्याने फक्त ती टिपणं वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. जून २००६ मध्ये तो लिनक्स २.६.१७ मध्ये आला. तरी चिपच्या आत चालणारं फर्मवेअर कंपनीचंच. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतः खुला ड्रायव्हर दिला, तोही नव्या चिपांसाठी. जुन्या चिपा चालतात त्या स्वयंसेवकांच्याच कामावर.

हा इतिहास आज का सांगतोय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. आता शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती धडधाकट कॉम्प्युटर भंगारात काढतील. त्यातले बरेच लिनक्सवर आणखी काही वर्षं चालतील. भंगारवाल्याला बोलवण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा, वायफाय दिसतं का ते तपासा.

आणि पुढची खरेदी सार्वजनिक पैशातून होणार असेल, तर किमतीसोबत एक प्रश्न विचाराच: याचा ड्रायव्हर खुला आहे का? पैसे आपण मोजतो, तर मशीन कधी मेलं हे कंपनीने का ठरवायचं?