संरक्षणमंत्रिपद, भारताचे

संरक्षणमंत्रिपद : भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळातील एक प्रमुख पद. भूदल, नौदल व वायुदल यांचे प्रशासन, त्यांची साधनसामग्री, शस्त्रास्त्रांचे उत्पादन व संशोधन आणि या सर्वांवरील खर्च यांबाबत संसदेला जबाबदार असणारा मंत्री म्हणजे संरक्षणमंत्री होय. संविधानाच्या अनुच्छेद ५३ (२) अन्वये संरक्षणदलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींच्या ठायी निहित असून त्याचा वापर कायद्याने नियमित होतो. व्यवहारात तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होतो. संरक्षणमंत्री हा सेनापती नव्हे. हा भेद आज उघड वाटतो. तथापि तो रूढ होण्यास पुष्कळ काळ लागला. सैनिकाला वेतन कोण देतो, त्याला हुकूम कोण देतो आणि त्या हुकुमाचा जाब कोणाला द्यावा लागतो, या तीन प्रश्नांभोवती या पदाचा इतिहास फिरतो. मराठवाड्यातील बीड जिल्ह्याचा या प्रश्नांशी निरनिराळ्या काळी निकटचा संबंध आला. म्हणून पुढील विवेचनात त्या जिल्ह्याचे दाखले मुद्दाम घेतले आहेत.

जुन्या राजवटींत मंत्री आणि सेनानी असा भेद नव्हता. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सेनापती हा एक प्रधान होताच. शिवाय पंडितराव व न्यायाधीश वगळता इतर प्रधानांनाही प्रसंगी मोहिमेवर जावे लागे. निजामाच्या राज्यातही हीच रीत होती. बीड जिल्ह्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला, त्या लढाईत निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हा मारला गेला. राज्याचा कारभार पाहणारा दिवाण रणांगणावर पडतो, यात तत्कालीनांना काही वावगे वाटले नाही.

एकोणिसाव्या शतकात हैदराबाद राज्यात वेगळाच प्रकार दिसतो. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेचा खर्च निजामाने सोसावयाचा, पण तिचे अधिकारी इंग्रज आणि तिच्यावरील हुकमत ब्रिटिश रेसिडेंटाची, अशी ही व्यवस्था होती. हा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. या फौजेच्या घोडदळाची एक छावणी बीड जिल्ह्यातील मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई येथे होती. छावणीतील स्वारांच्या पगाराचा भार ज्या रयतेच्या महसुलावर पडे, तिला व तिच्या राजालाही त्यांच्या हालचालींविषयी विचारण्याचा अधिकार नव्हता. १९०२ मध्ये वऱ्हाडविषयीचा नवा करार झाल्यावर ही फौज हिंदी सैन्यात विलीन करण्यात आली व तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

त्याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानातही लष्करावरील अधिकाराचा वाद विकोपास गेला. गव्हर्नर जनरलच्या कार्यकारी मंडळात सरसेनापतीखेरीज एक लष्करी सदस्य असे. तो दर्जाने सरसेनापतीहून कनिष्ठ असला, तरी सरसेनापतीचे प्रस्ताव त्याच्या हातून सरकारपुढे जात. १९०२ च्या अखेरीस सरसेनापती म्हणून आलेल्या लॉर्ड किचनेर यांना हे दुहेरी नियंत्रण मान्य नव्हते. लॉर्ड कर्झन यांचे म्हणणे असे, की लष्करी सल्ला व लष्करी हुकमत ही दोन्ही एकाच व्यक्तीच्या हाती गेल्यास मुलकी सरकार नामधारी ठरेल. लंडनमधील सरकारने किचनेर यांची बाजू उचलून धरली आणि ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झन यांनी राजीनामा दिला. १९०९ पर्यंत लष्करी सदस्याची जागा पूर्णपणे नाहीशी होऊन सरसेनापती हाच सरकारचा एकमेव लष्करी सल्लागार उरला. कर्झन यांच्याविषयी भारतीयांना प्रेम वाटण्याचे कारण नाही. परंतु या एका मुद्द्यावर त्यांची भूमिका बरोबर होती. पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाच्या मोहिमेची दुर्दशा झाली, तेव्हा चौकशी आयोगाने १९१७ मध्ये या केंद्रीकरणावरही ठपका ठेवला.

लोकप्रतिनिधींना या व्यवस्थेत स्थान नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ पासून केंद्रीय विधिमंडळातील अर्थसंकल्पावरील भाषणांत वाढत्या लष्करी खर्चावर सतत टीका केली. पण तिचा उपयोग मत नोंदविण्यापलीकडे होत नसे. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतरही लष्करी खर्च मतदानाच्या कक्षेबाहेरच राहिला. पुढे लष्कर खात्याचे नाव संरक्षण खाते झाले. १९४२ मध्ये त्याचे दोन भाग करण्यात येऊन युद्ध खाते सरसेनापतीकडे ठेवण्यात आले आणि संरक्षण हे नाव लावलेले दुय्यम खाते सर फिरोझखान नून या भारतीय सदस्याकडे देण्यात आले. प्रत्यक्ष युद्धाचा कारभार त्यांच्या हाती नव्हता.

खऱ्या अर्थाने या पदाचा आरंभ २ सप्टेंबर १९४६ रोजी झाला. त्या दिवशी अधिकारावर आलेल्या हंगामी सरकारात सरदार बलदेवसिंग हे संरक्षण सदस्य झाले आणि सरसेनापती त्यांच्या अधिकाराखाली आला. १५ ऑगस्ट १९४७ पासून बलदेवसिंग हे स्वतंत्र भारताचे पहिले संरक्षणमंत्री होत. फाळणीनंतर सैन्याची वाटणी आणि काश्मीरमधील युद्ध ही दोन्ही कामे त्यांच्या खात्यावर एकदम येऊन पडली. तिसरे काम हैदराबादचे होते.

निजामाने नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी जैसे थे करार केला, पण विलीनीकरण टाळले. लातूर येथे वकिली केलेल्या कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांचा जुलूम मराठवाड्यात वाढत गेला. बीड जिल्ह्यातील अनेक कार्यकर्ते स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी पूर्वी अंबाजोगाई येथील योगेश्वरी विद्यालयात काम केले होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने राज्यात प्रवेश केला. मुख्य तुकडी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूर–हैदराबाद मार्गाने निघाली व दुसरी औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) रोखाने गेली. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पतकरली. या मोहिमेला पोलीस कारवाई असे नाव देण्यात आले, कारण भारत सरकारच्या मते हा अंतर्गत प्रश्न होता. मोहीम सैन्याची असली, तरी तिचा राजकीय निर्णय पंडित नेहरू यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण समितीत झाला आणि त्यामागील प्रेरणा सरदार पटेल यांची होती. मराठवाड्याच्या मुक्तीच्या इतिहासात बलदेवसिंगांचे नाव क्वचितच आढळते, त्याचे कारण हेच. पदाचे वजन त्यावरील व्यक्तीला पंतप्रधान व ज्येष्ठ सहकारी यांच्यात किती स्थान आहे यावर ठरते, हे आरंभीच दिसून आले.

मोहिमेनंतर डिसेंबर १९४९ पर्यंत चौधरी हे हैदराबाद राज्याचे लष्करी राज्यपाल होते. अर्थात बीड जिल्हाही त्यांच्याच अमलाखाली होता. याच पर्वाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. कारवाईच्या काळात व नंतर मुस्लिम नागरिकांवर झालेल्या अत्याचारांची पंडित सुंदरलाल समितीने पाहणी केली, आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत बीडलगतच्या उस्मानाबादचा (आताचा धाराशिव) उल्लेख केला. हा अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. हुकुमाचा जाब कोणाला द्यावयाचा, हा तिसरा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही आपोआप सुटला नव्हता.

१९५५ मध्ये तिन्ही दलांच्या प्रमुखांचे सरसेनापती हे नामाभिधान कायद्याने रद्द होऊन त्यांस दलप्रमुख म्हणण्यात येऊ लागले. या काळात गोपालस्वामी अय्यंगार व कैलासनाथ काटजू यांनी हे खाते सांभाळले आणि मधून मधून नेहरूंनी ते स्वतःकडे ठेवले. एप्रिल १९५७ मध्ये आलेल्या व्ही. के. कृष्ण मेनन यांनी देशांतर्गत शस्त्रोत्पादनाला चालना दिली. तथापि सेनाधिकाऱ्यांशी त्यांचे संबंध बिघडले. भूदलप्रमुख जनरल थिमय्या यांनी १९५९ मध्ये दिलेला राजीनामा नेहरूंच्या आग्रहावरून मागे घेतला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने मोठे आक्रमण केले, आणि थोड्याच दिवसांत मेनन यांना जावे लागले.

त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण (१९१३–८४) यांची नियुक्ती झाली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हा वाक्प्रचार तेव्हापासून मराठीत रूढ आहे. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी सूत्रे घेतली, त्याच दिवशी चीनची एकतर्फी युद्धबंदी जाहीर झाली होती. १९६३ मध्ये नासिक मतदारसंघातून ते लोकसभेवर अविरोध निवडून आले. त्यांच्यासमोर काम होते ते पराभूत सैन्याचा विश्वास परत मिळविण्याचे. जनरल थापर यांच्या जागी नुकतेच आलेले भूदलप्रमुख म्हणजे हैदराबाद मोहिमेचे सेनानी चौधरीच होते. चव्हाणांनी दलप्रमुखांशी नियमित बैठकांचा प्रघात पाडला, त्यांच्या व्यावसायिक क्षेत्रात हस्तक्षेप टाळला आणि धोरणाची जबाबदारी मात्र स्वतः घेतली. पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल प्रसिद्ध करण्यात आला नाही. त्यातील निष्कर्षांचा गोषवारा चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत निवेदनाद्वारे सांगितला. संसदेला पूर्ण अहवाल मिळावयास हवा होता, हा आक्षेप रास्त आहे. भूदलाची संख्या ८,२५,००० पर्यंत नेणे, डोंगरी डिव्हिजन उभारणे, १९६४–६९ ची पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना, नासिकजवळ ओझर येथील मिग विमानांचा कारखाना ही त्या वर्षांतील प्रमुख कामे होत. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र एकही आयुधनिर्माणी आली नाही.

चव्हाणांच्या कारकीर्दीची खरी कसोटी १९६५ च्या युद्धात लागली. १ सप्टेंबर रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. त्याच सायंकाळी एअर मार्शल अर्जनसिंग यांनी मागितलेली हवाई हल्ल्याची परवानगी चव्हाणांनी तत्काळ दिली. १९६२ मध्ये वायुदलाचा लढाऊ वापर झालाच नव्हता, हे लक्षात घेता या निर्णयाचे महत्त्व कळते. ६ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याने लाहोर आघाडीवर आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री, संरक्षणमंत्री व दलप्रमुख यांच्यात या दिवसांत जो मेळ दिसला, तो त्यापूर्वी दिसला नव्हता. नोव्हेंबर १९६६ मध्ये चव्हाण गृहखात्यात गेले.

पुढील काळात स्वर्णसिंग, १९७१ च्या युद्धाच्या वेळचे जगजीवनराम, बन्सीलाल, सी. सुब्रह्मण्यम, रा. वेंकटरामन हे संरक्षणमंत्री होऊन गेले. इंदिरा गांधी, राजीव गांधी, विश्वनाथ प्रताप सिंग, चंद्रशेखर व नरसिंह राव या पंतप्रधानांनीही हे खाते काही काळ आपल्याकडे ठेवले. अशा वेळी खात्याला पूर्णवेळ लक्ष मिळणे अवघडच असते. सामग्रीखरेदीचे व्यवहार हा या पदाचा नाजूक भाग ठरला. एप्रिल १९८७ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांनी जर्मन पाणबुड्यांच्या खरेदीतील दलालीची चौकशी जाहीर केली आणि लगेच त्यांना पद सोडावे लागले.

ज्या हैदराबाद राज्यात या खात्याचे सैन्य १९४८ मध्ये शिरले, त्याच राज्याच्या भूमीतून पुढे तीन संरक्षणमंत्री आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. पैठण येथे जन्मलेले शंकरराव चव्हाण (१९२०–२००४) यांच्याकडे ऑगस्ट ते डिसेंबर १९८४ या अवधीत हे खाते होते. त्यांच्यानंतर आलेले नरसिंह राव हे तेलंगणचे. पण त्या वेळी ते लोकसभेत विदर्भातील रामटेकचे प्रतिनिधी होते. हे दोघेही हैदराबादच्या मुक्तिलढ्यात वावरलेले. तिसरे प्रमोद महाजन (१९४९–२००६). त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९४९ रोजी महबूबनगर येथे, म्हणजे चौधरी यांची लष्करी राजवट चालू असतानाच झाला. त्यांचे बालपण व शिक्षण अंबाजोगाईत गेले आणि तेथेच त्यांनी काही काळ शिक्षकाचे काम केले. १९९६ मध्ये मुंबईतून ते प्रथमच लोकसभेवर निवडून आले आणि १६ मे रोजी अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाले. त्या सरकारपाशी बहुमत नव्हते. २८ मे रोजी वाजपेयींनी राजीनामा दिला आणि १ जून रोजी मुलायमसिंग यादव यांनी महाजनांकडून सूत्रे घेतली. सोळा दिवसांत कोणत्याही मंत्र्याकडून धोरणाची अपेक्षा करता येत नाही, आणि महाजनांचे राजकीय महत्त्व पुढील काळातील इतर खात्यांवर व पक्षकार्यावर उभे आहे. परंतु ज्या गावच्या छावणीतील स्वारांना एके काळी इंग्रज अधिकारी हुकूम देत, त्या गावचा शिक्षक अल्पकाळ का होईना भारतीय सैन्यावरील मुलकी अधिकाराच्या जागी बसला, याची नोंद या पदाच्या इतिहासात करावी लागते. महाराष्ट्रातून आलेले शरद पवार यांना मात्र जून १९९१ ते मार्च १९९३ एवढा अवधी मिळाला. वैद्यकीय शाखांबाहेर स्त्रियांना सैन्यात अधिकारी म्हणून घेण्यास १९९२ मध्ये प्रारंभ झाला तो त्यांच्याच कारकीर्दीत.

१९९९ च्या कारगिल युद्धाच्या वेळी जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री होते. युद्धानंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये तिन्ही दलांसाठी एक प्रमुख असावा अशी शिफारस केली. एकाच सैनिकाच्या हाती फार अधिकार जातील, ही जुनीच शंका त्यावर घेतली गेली आणि निर्णय अठरा वर्षे लांबला. दरम्यान प्रणव मुखर्जी, ए. के. अँटनी, गोव्याचे मनोहर पर्रीकर (२०१४–१७) व निर्मला सीतारामन यांनी हे पद भूषविले. राजनाथसिंग २०१९ मध्ये या पदावर आले. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत हे पहिले संरक्षणदलप्रमुख झाले. त्यांच्याकडे मंत्रालयातील नव्या लष्करी व्यवहार विभागाचे सचिवपदही देण्यात आले. तिन्ही दलांवर प्रत्यक्ष हुकमत मात्र त्यांना दिलेली नव्हती. ती त्या त्या दलप्रमुखाकडेच ठेवण्यात आली.