मिरजेची संगीतपरंपरा

सेंट पीटर्सबर्ग या रशियन शहराचे नाव निघाले, की संगीताच्या अभ्यासकाला १८६२ साली अंतोन रुबिन्स्टाइनने तेथे स्थापन केलेले संगीत विद्यालय आठवते. राजधानीचे शहर ते. राजघराण्याचा आश्रय, पैसा, इमारती, सारे काही हाताशी. आपल्या महाराष्ट्रात संगीताचे शहर कोणते, असे कुणी विचारले तर मी मिरजेचे नाव घेईन. पटवर्धनांचे हे लहानसे संस्थान. पण मिरजेचे वैशिष्ट्य असे, की तिची कीर्ती वाढवणारी बरीच माणसे संगीतासाठी तेथे आलेलीच नव्हती.

विष्णु दिगंबर पलुसकरांचेच पाहा ना! जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणी दारूकामाने डोळ्यांना इजा झाली, म्हणून उपचारासाठी त्यांना मिरजेला आणले. दृष्टी अधू झाल्यामुळे नेहमीचे शिक्षण खुंटले. गळा मात्र गोड होता. संस्थानिकांचा आधार मिळाला आणि मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपवला गेला. ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात रुजवला तो याच बाळकृष्णबुवांनी. विष्णु दिगंबरांनी १८९६ साली मिरज सोडली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे दरबारातून आणि बैठकीतून बाहेर काढून शाळेच्या वर्गात आणण्याचे मोठे काम त्यांनी केले. १९३१ साली त्यांचा देह ठेवला गेला तो मात्र मिरजेतच.

दुसरे अब्दुल करीम खाँसाहेब. हे मूळचे उत्तरेकडील किराना गावचे. मिरजेत असताना ते फार आजारी पडले, ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, असे लोक श्रद्धेने सांगतात. पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली येथलाच. खाँसाहेबांचा कान असा सूक्ष्म, की शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचा शास्त्रीय अभ्यास करू लागले तेव्हा त्यांना या गळ्याचा मोठा उपयोग झाला. १९३७ साली मद्रासकडील प्रवासात सिंगपेरुमाळकोइल स्टेशनावर त्यांचे निधन झाले. दफनासाठी त्यांना मिरजेला आणले. दर्ग्याच्या उरुसात आजही संगीतसभा भरते आणि तेथे गायला मिळणे गवई लोक भाग्याचे मानतात.

आता गाणाऱ्यांच्या पाठीमागे बसणाऱ्या तंबोऱ्याकडे वळू. मिरजेतील सतारमेकर मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. इंग्रजी अमलात हत्यारांचा धंदा बसला. तेव्हा, सुमारे १८५० च्या सुमारास, फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. युद्धाच्या हत्याराला सरावलेले हात तारा जुळवू लागले!

हे काम कसे चालते, तेही थोडे ऐकावे. कडू जातीचा मोठा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. तो चांगला वाळवावा लागतो. भोपळ्याचा घेर पाहून तंबोरा पुरुषांच्या स्वराचा की बायकांच्या, हे ठरते. त्याला लाकडाची तबली आणि दांडी बसवायची, कोरीव काम करायचे, रोगण द्यायचे. शेवटी घोडी घासून जवारी काढायची. तारेखाली सुताचा धागा किंचित सरकवला की स्वर मोकळा होऊन घुमू लागतो. घोडी किती घासावी याला माप नाही. ते कानाने ठरते, आणि हा कान मुलगा बापाशेजारी वर्षानुवर्षे बसून मिळवतो.

आम्हां खोपोलीकरांना हे समजायला सोपे जावे. १९१५ सालापासून टाटांच्या वीजघरात वीज आमच्याकडे तयार होई आणि गिरण्या चालत मुंबईच्या. तसेच मिरजेचे आहे. मैफल मुंबई-पुण्याची, टाळ्या गवयाला. पण त्याला स्वर धरून देणारा तंबोरा पुष्कळदा मिरजेचा असतो, आणि करणाऱ्याचे नाव श्रोत्यांना ठाऊक नसते.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यामुळे दुसऱ्या गावच्या मालाला मिरजेचे नाव लावता येणार नाही. परंतु नावाचे रक्षण कायदा करील. कानाचे कोण करणार? आज खिशात मावणारे विजेचे तंबोरे निघाले आहेत. ते स्वस्त आहेत, प्रवासाला सोयीचे आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण जो विद्यार्थी स्वतः खुंटी पिळून तार जुळवीत नाही, त्याचा कान अर्धा कच्चा राहतो. आणि गिऱ्हाईकच नसेल तर कारागिराने आपल्या मुलाला शेजारी बसवावे तरी कशासाठी?

म्हणून मोठ्या योजनांची वाट न पाहता एवढे करता येईल. खोपोली, कर्जत, खालापूर अशा आपल्या गावांतून जे गाण्याचे वर्ग चालतात, त्यांतील प्रत्येकाने वर्गणी काढून एक खरा तंबोरा घ्यावा, आणि दर वर्षी जवारी काढायला कारागिराला बोलवावे. मुलांना त्या वेळी जवळ बसू द्यावे. पुस्तकात न सापडणारा संगीताचा एक धडा त्यांना तेथे मिळेल.