दोन टिंबांची कळ

रशियन वर्णमालेत 33 अक्षरे आहेत. मोबाइलच्या पडद्यावर रशियन कळफलक उघडला, तर अनेकदा तीन ओळींत 11, 11 आणि 9 अशा 31 च अक्षरकळा दिसतात. उरलेल्या दोन अक्षरांसाठी त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या अक्षराची कळ दाबून धरावी लागते. त्यांतले एक म्हणजे ‘यो’. ‘ये’ या अक्षरावर दोन टिंबे दिली की ते होते.

हे अक्षर 1783 मध्ये रशियन अकादमीच्या बैठकीत सुचवले गेले. 1918 च्या लेखनसुधारणेने काही जुनी अक्षरे बाद केली आणि टंकलेखनयंत्रावरील त्यांच्या जागा मोकळ्या झाल्या. मांडणी नव्याने लागली. वरच्या ओळीतील पहिल्या सहा अक्षरांवरून तिला ‘इत्सुकेन’ म्हणतात. जास्त वापराची अक्षरे तिने तर्जनीखाली आणली. पण अनेक यंत्रांवर ‘यो’ला स्वतंत्र कळ मिळाली नाही. 1942 मध्ये शाळांत ते सक्तीचे झाले, तरी छपाईत ‘ये’वरच भागवण्याची सवय टिकली. पुढे संगणकावर कळ मिळाली, तीही डाव्या कोपऱ्यात, 1 या आकड्याच्या पलीकडे.

टिंबे गेल्याने काय बिघडते? ‘व्स्ये’ म्हणजे सगळे, ‘व्स्यो’ म्हणजे सगळं. टिंबांवाचून दोन्ही शब्द सारखेच दिसतात. एकाच माणसाचे आडनाव एका दाखल्यावर ‘ये’ने आणि दुसऱ्यावर ‘यो’ने लिहिले गेले, तर दोन्ही कागद त्याचेच आहेत हे सिद्ध करत बसावे लागते. आपण इंग्रजीमार्गे घेतलेली ‘ख्रुश्चेव्ह’, ‘गोर्बाचेव्ह’ ही रूपेही या हरवलेल्या टिंबांचीच खूण आहेत. रशियन माणूस तिथे ‘चेव्ह’ नव्हे, ‘चोफ’च्या जवळचा उच्चार करतो.

मराठी वाचकाला टिंबांचा वाद नवा नाही. 1962 च्या नियमांनी आपले अनुच्चारित अनुस्वार गेले. पण तो निर्णय चर्चा करून, उघडपणे झाला. ‘यो’च्या बाबतीत तसे झाले नाही. नियमाने त्याला कधीच वर्णमालेबाहेर काढले नाही. 2005 मध्ये तर उल्यानोव्स्क शहरात त्याचे स्मारकही उभे राहिले. बोटापासून दूर गेल्यामुळे ते लिहिण्यातून गळत राहिले. व्याकरणकाराने राखलेले अक्षर कळफलक मांडणाऱ्याच्या हातून असे निसटते.